लोगो सिनेमाचा की प्रतीचा? स्टुडिओच्या लोगोंचा इतिहास नोंदवायची पद्धत

'सायको' १९६० साली थिएटरात आणला तो पॅरामाउंटने. आज तोच सिनेमा घरी लावला की आधी युनिव्हर्सलचा गोल फिरतो, कारण मधल्या काळात हक्क त्यांच्याकडे गेले. आता कुणी डिस्क बघून 'सायको, १९६०, लोगो: युनिव्हर्सल' अशी नोंद केली, तर प्रत्येक शब्द डोळ्यांनी पाहिलेला असूनही नोंद चुकीची ठरते. या कामात होणाऱ्या बऱ्याच चुका याच जातीच्या असतात.

म्हणून पहिला नियम: लोगोची नोंद सिनेमाच्या नावावर करायची नाही, प्रतीच्या नावावर करायची. प्रत म्हणजे तुमच्या हातातलं नेमकं ते रीळ, ती कॅसेट, ती डिस्क किंवा ती स्ट्रीमिंग फाइल. अशा पुरेशा नोंदी जमल्या की सिनेमाचा आणि स्टुडिओचा इतिहास त्यांतून आपोआप वर येतो. उलट्या दिशेने गेलात तर येत नाही.

नोंदीत काय काय लिहायचं

वही घ्या किंवा स्प्रेडशीट, पण रकाने आधी आखून ठेवा. सिनेमाचं नाव आणि थिएटरमधल्या पहिल्या प्रदर्शनाचं वर्ष. प्रतीचा प्रकार: ३५ मिमी प्रिंट, १६ मिमी प्रिंट, व्हीएचएस, बीटामॅक्स, लेसरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे, स्ट्रीमिंग. देश. टीव्हीची पद्धत: पाल की एनटीएससी. कव्हरवरचा आणि कॅसेटच्या अंगावरचा क्रमांक, दोन्ही, कारण कव्हरं सर्रास बदललेली असतात. कव्हरवर छापलेलं कॉपीराइटचं वर्ष. मग पडद्यावर जे जे येतं ते क्रमाने: इशाऱ्याची पाटी, व्हिडिओ कंपनीचा लोगो, जाहिराती, थिएटरचा लोगो, सिनेमातलं पहिलं दृश्य. आणि शेवटी, श्रेयनामावली संपल्यावर काय येतं ते.

हा शेवट बहुतेक जण बघतच नाहीत. सुरुवातीचा लोगो बदलणाऱ्यांनाही शेवटच्या पाटीचा विसर पडलेला असतो. नवा चकचकीत लोगो पुढे आणि मागे जुन्या वितरकाचं नाव, असं आढळलं तर तेवढ्यावरही प्रतीचा निम्मा इतिहास कळतो.

थिएटरचा लोगो आणि व्हिडिओ कंपनीचा लोगो एका रकान्यात कोंबू नका. स्टुडिओ तोच असला तरी कंपन्या वेगळ्या असत. कोलंबियाच्या कॅसेट १९८०च्या दशकात 'आरसीए/कोलंबिया पिक्चर्स होम व्हिडिओ' या नावाने येत. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या 'सीबीएस/फॉक्स व्हिडिओ' नावाने येत. एमजीएमचंही आधी सीबीएसबरोबर आणि मग युनायटेड आर्टिस्ट्सबरोबर जोडनाव झालं. या भागीदाऱ्या ठरावीक काळापुरत्या होत्या, त्यामुळे कॅसेटचा काळ ठरवायला हेच लोगो थिएटरच्या लोगोपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

लांबी सेकंदांत नको, फ्रेममध्ये मोजा

'हा लोगो १९ सेकंदांचा आहे' आणि 'नाही, २० सेकंदांचा आहे' या वादात बऱ्याचदा दोघंही बरोबर असतात. एक पाल प्रत बघत असतो, दुसरा एनटीएससी.

समजा मूळ लोगो ४८० फ्रेमचा आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे २० सेकंद. ३५ मिमी फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे ३० फूट. पाल व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, आणि तिथे फिल्मची एक फ्रेम व्हिडिओच्या एका फ्रेमवर सरळ चढवतात. तोच लोगो मग १९ सेकंद ५ फ्रेममध्ये संपतो. वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो आणि आवाज साधारण ०.७ अर्धस्वर वर चढतो. एनटीएससीमध्ये फिल्मच्या ४ फ्रेम व्हिडिओच्या ५ फ्रेमवर पसरतात, त्यामुळे ४८०च्या ६०० होतात. २९.९७च्या वेगाने त्या चालल्या की वेळ पुन्हा २० सेकंदांवर येतो, किंचित वर.

एनटीएससी प्रतीत एक-एक फ्रेम पुढे सरकवत गेलात तर पाचपैकी तीन फ्रेम स्वच्छ दिसतात आणि दोन फ्रेममध्ये शेजारच्या दोन चित्रांच्या ओळी एकमेकींत विणल्यासारख्या दिसतात. तो लोगोचा दोष नव्हे. उलटं टेलिसिनी करणारा, म्हणजे फिल्म व्हिडिओवर उतरवताना वाढलेल्या फ्रेम काढून टाकणारा फिल्टर लावून मूळ २४ फ्रेम परत मिळवा आणि मगच मोजा. पाल प्रतीत प्रत्येक फ्रेम विणलेली दिसत असेल तर दोन फिल्डपैकी (म्हणजे फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांपैकी) एक अर्धं पाऊल सरकलेलं असतं. एका फिल्डने मागे-पुढे केलं की चित्र साफ होतं. पालमध्ये हलत्या वस्तूला भुतासारखी दुहेरी कडा दिसली, तर ती प्रत फिल्मवरून थेट बनलेली नाही, एनटीएससी टेपवरून रूपांतरित झाली आहे. तिची लांबी आकसलेली नसते, म्हणून तिला २४/२५चं गणित लावू नका.

फॅनफेअरची, म्हणजे लोगोबरोबर वाजणाऱ्या धुनेची, तुलना करतानाही हेच भान हवं. पाल कॅसेटवरची धून चढी वाटली म्हणून 'वेगळं ध्वनिमुद्रण' असं लिहायचं नाही. आधी वेग २४/२५ पट करा आणि मग ऐका. काही पाल डिस्कवर सूर दुरुस्त केलेला असतो, तिथे लांबी कमी पण सूर बरोबर असा मामला असतो.

माध्यमागणिक खाचाखोचा

*रीळ.* लोगो पहिल्या रिळाच्या तोंडाशी असतो आणि रिळाचं तोंडच सगळ्यात जास्त झिजतं. प्रोजेक्टरमध्ये ओवताना ओरखडे पडतात, तुटलं की जोड देतात, आणि दर जोडागणिक एखाद-दोन फ्रेम जातात. म्हणून एका प्रिंटवर लोगो 'अर्धवट' दिसला तर ती वेगळी आवृत्ती आहे असं मानू नका. आधी जोड शोधा. लीडर, म्हणजे सिनेमाच्या आधी जोडलेली उलट्या मोजणीची पट्टी, शाबूत असेल तर काम सोपं होतं. आकड्यांच्या उलट्या मोजणीत '२'ची शेवटची फ्रेम येते, तिच्यामागून ४७ काळ्या फ्रेम येतात आणि मग चित्र सुरू होतं. त्या ४७ पुऱ्या असतील तर लोगोचं तोंड कापलेलं नाही.

फिल्मच्या कडेवरची उत्पादकाची खूणही बघा. कोडॅकच्या वर्तुळ, चौकोन, त्रिकोण या खुणा बराच काळ २० वर्षांच्या चक्राने फिरत होत्या. त्यामुळे एका खुणेची दोन-तीन वर्षं निघू शकतात आणि त्यांतलं कुठलं, हे इतर पुराव्यावरून ठरवावं लागतं. शिवाय ती खूण कच्च्या फिल्मचं वर्ष सांगते, प्रिंट काढल्याचं नाही. निगेटिव्हच्या कडेची खूणही कधी कधी प्रिंटवर उतरते. दोन खुणा दिसल्या तर दोन्ही टिपून घ्या.

रंगाबद्दल फार जपून लिहा. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि चित्र गुलाबी-तांबूस होत जातं. अशा प्रिंटवरून 'लाल आकाशाची आवृत्ती' नोंदवली गेली की पुढची कित्येक वर्षं ती कुणी ना कुणी उतरवत राहतं.

आकसलेलं रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका. प्रकाशपेटीवर ठेवून हातमोजे घालून हाताने पुढे सरकवा. आणि ३५ मिमी रीळ १९५२च्या आधीचं असेल तर ते नायट्रेट असण्याची शक्यता धरा. नायट्रेट भयानक वेगाने पेटतं आणि पाण्यानेही विझत नाही. ते घरी उघडायचं नाही, फिल्म संग्रहालयाकडे सोपवायचं.

लोगोच्या आधी एखादी पाटी असेल तर ती सोडू नका. ब्रिटनमधल्या प्रिंटवर बीबीएफसीचं, म्हणजे तिथल्या सेन्सॉरचं, कार्ड असतं, भारतातल्या प्रिंटवर सेन्सॉरचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर क्रमांक, तारीख आणि लांबी असते. त्रिकोणाची खूण असेल तर काटछाट झाली आहे. प्रभातच्या तुतारीसारखा वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच राहिलेला लोगो असेल तर प्रतीचा काळ ठरवायला बऱ्याचदा हे प्रमाणपत्रच उपयोगी पडतं. फक्त नव्याने काढलेल्या प्रतीसाठी नवं प्रमाणपत्र घेतलेलं असू शकतं, म्हणून ती तारीख प्रतीची समजा.

*कॅसेट.* आधी टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे गुंडाळी सारखी बसते. डोकी साफ असलेला व्हीसीआर, एस-व्हिडिओ जोडणी आणि मधे टाइम बेस करेक्टर (टेपचा थरथरता सिग्नल स्थिर करणारं यंत्र). कॅप्चर बिनघट (लॉसलेस) ४:२:२मध्ये, एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्हीसारख्या कोडेकने. एनटीएससी ७२०×४८०, पाल ७२०×५७६, आवाज ४८ किलोहर्ट्झ. मूळ फाइल इंटरलेस्डच, म्हणजे दोन्ही फिल्ड जशीच्या तशी, ठेवा. स्थिरचित्र काढताना मात्र ४:३ चित्र ६४०×४८० किंवा ७६८×५७६ करा, कारण व्हिडिओचे पिक्सेल चौकोनी नसतात. तसंच ठेवलं तर गोल लंबगोल दिसतो आणि कुणीतरी त्याची 'वेगळी आवृत्ती' करतं.

रेकॉर्डिंग प्ले दाबल्या क्षणापासून सुरू करा, रिकामी टेपही येऊ द्या. व्हिडिओ कंपनीचा लोगो कधी कधी पहिल्या पाच-दहा सेकंदांतच असतो आणि चित्र स्थिरावेपर्यंत तो निघून जातो. लोगोचा उजेड लाटेसारखा कमी-जास्त होत असेल तर तो बहुधा कॉपी रोखणाऱ्या मॅक्रोव्हिजनचा परिणाम असतो. त्याला फेड-इन म्हणायचं नाही.

*लेसरडिस्क.* सीएव्ही प्रकारची डिस्क मिळाली तर सोडू नका. एनटीएससी सीएव्हीच्या एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे ५४,००० फ्रेम, आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. हव्या त्या फ्रेमवर चित्र हलत नाही-डुलत नाही असं थांबतं. नोंदीत फ्रेमचा क्रमांक लिहिला की दुसरा कुणीही तीच डिस्क लावून तीच फ्रेम तपासू शकतो.

*डीव्हीडी, ब्लू-रे.* इथे व्हिडिओ कंपनीचा लोगो सहसा सिनेमाच्या फाइलमध्ये नसतो; डिस्क घातल्यावर सुटा वाजतो. म्हणून नुसता मुख्य टायटल उतरवून 'या डिस्कवर व्हिडिओ लोगो नाही' असं लिहू नका. डिस्कवरचे सगळे टायटल आणि सगळ्या प्लेलिस्ट उघडून बघा, दोन-चार सेकंदांच्या सुद्धा. ब्लू-रेवर चित्र बहुधा २४च्या जवळच्या वेगाने असतं, म्हणून फ्रेम मोजायला हे सगळ्यात सोपं माध्यम.

*स्ट्रीमिंग.* फाइल रातोरात बदलू शकते. पाहिल्याची तारीख, देश आणि सेवेचं नाव नसलेली नोंद वर्षभरात निरुपयोगी होते. 'स्टार वॉर्स' मालिकेचंच बघा. २०१५च्या डिजिटल आवृत्तीत पहिला सिनेमा वगळता बाकीच्यांवरून फॉक्सचा लोगो आणि फॅनफेअर काढले होते. २०१९मध्ये डिस्ने प्लसवर ते परत आले. तारीख नसेल तर या दोन नोंदी एकमेकींना खोट्या पाडतात.

मालकीची ओळ: सगळ्यात भरवशाची खूण

मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत 'अमुक कंपनीचा भाग' अशी ओळ असते. चित्र तेच राहतं आणि ही ओळ बदलत जाते, म्हणून काळ ठरवताना नजर आधी तिच्यावर टाका.

वॉर्नर ब्रदर्सची ढगांवरची ढाल १९८४पासूनची. तिच्याखाली आधी वॉर्नर कम्युनिकेशन्स. १९९०मध्ये टाइमशी विलीनीकरण झाल्यावर टाइम वॉर्नर. जानेवारी २००१मध्ये एओएल ही इंटरनेट कंपनी आली आणि ऑक्टोबर २००३मध्ये कंपनीने ते नाव टाकून दिलं. म्हणजे 'एओएल टाइम वॉर्नर' ही ओळ जेमतेम पावणेतीन वर्षांच्या खिडकीतली. १९८०च्या दशकातल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर ती दिसली तर तो मास्टर (ज्यावरून डिस्क छापतात ती मूळ प्रत) त्या खिडकीत बनला असं धरायला हरकत नाही. डिस्क मात्र नंतरचीही असू शकते, कारण तोच मास्टर पुढे पुन्हा पुन्हा छापतात. म्हणून लिहिताना 'मास्टर: २००१ ते २००३, डिस्क: २००१ किंवा नंतरची' असं लिहा.

पॅरामाउंटच्या डोंगराखालीही तेच. गल्फ अँड वेस्टर्नने स्टुडिओ १९६६ साली घेतला, १९८९मध्ये स्वतःचं नाव पॅरामाउंट कम्युनिकेशन्स केलं आणि १९९४मध्ये वायाकॉम आलं. फॉक्सच्या मनोऱ्याखाली न्यूज कॉर्पोरेशन दिसलं तर तो लोगो १९८५च्या आधीचा असूच शकत नाही. व्यवहाराची तारीख ही नेहमी 'याच्या आधी नाही' अशी हद्द देते. पडद्यावर ओळ यायला पुढे काही महिने लागतात.

वर्धापनदिनाच्या लोगोवरून स्थापनेचं वर्ष काढणं हा मात्र सापळा आहे. युनिव्हर्सलने १९९०मध्ये ७५ वर्षं साजरी केली आणि २०१२मध्ये १०० वर्षं. वजाबाकी केली तर एकदा १९१५ येतं, एकदा १९१२. पहिली मोजणी युनिव्हर्सल सिटी सुरू झाल्यापासूनची, दुसरी कंपनी स्थापन झाल्यापासूनची.

चित्रातल्या खुणाही कामी येतात. १९५३मध्ये सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी रॉकी लाँगो यांनी फॉक्सचा लोगो नव्याने रंगवला, तेव्हा '२०'मधलं शून्य तिरकं केलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लोगो पुन्हा रंगवताना ते सरळ झालं. शून्य एका बाजूला कललेलं दिसलं की चित्र त्या मधल्या काळातलं. पॅरामाउंटच्या डोंगराभोवतीचे तारे मोजा: मुळात २४ होते, आता २२ आहेत. कोलंबियाची मशालवाली आजच्या रूपात आहे ती मायकल डीझ यांनी १९९२ साली केलेल्या चित्रावरून.

प्लास्टरिंग कसं ओळखायचं

जुन्या लोगोवर नवा लोगो थापण्याला या छंदातले लोक प्लास्टरिंग म्हणतात. कारण बहुधा हक्कांचं असतं. वॉर्नरचे १९५०च्या आधीचे सिनेमे १९५६मध्ये विकले गेले. ते आधी एएपी (असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स), मग युनायटेड आर्टिस्ट्स, मग एमजीएम, मग टर्नर अशा हातांतून फिरून १९९६मध्ये परत वॉर्नरच्या घरी आले. वाटेतल्या मालकांनी आपापल्या पाट्या लावल्या. पॅरामाउंटचे १९५०च्या आधीचे बहुतेक बोलपट १९५८मध्ये एमसीएने, म्हणजे पुढे युनिव्हर्सलची मालक झालेल्या कंपनीने, घेतले, म्हणून ते आज युनिव्हर्सलकडे आहेत.

सांधा शोधताना लोगो आणि पहिलं दृश्य यांच्यामधल्या दोन सेकंदांवर थांबा. ही फ्रेम-दर-फ्रेम बघायची जागा आहे.

फिल्मवरून घेतलेलं चित्र प्रोजेक्टरच्या दारात किंचित हलतं. संगणकावर बनवलेला लोगो खिळ्यासारखा स्थिर असतो. पडद्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून बघा, लोगो स्थिर आणि पुढचं दृश्य डुलतंय असं दिसलं की सांधा सापडला. फिल्मचा दाणाही (ग्रेन) बदलतो. मात्र इथे फसायला होतं: अस्सल जुना लोगोसुद्धा सिनेमापेक्षा जास्त दाणेदार असतो, कारण तो साठ्यातल्या तयार तुकड्याची पुढची कॉपी असायचा. म्हणून नुसत्या दाण्यावर निकाल देऊ नका.

आवाज ऐका. सिनेमाचं संगीत लोगोवरच सुरू होत असेल आणि नव्या प्रतीत ते मधूनच, पहिला ठोका गिळून सुरू होत असेल, तर लोगो बदलला आहे. कधी उलटं होतं: चित्र नवं आणि खाली जुनी धून तशीच चालू. लोगो आणि सिनेमा यांच्यामध्ये विनाकारण काळोख असणं, पहिलं दृश्य फेडच्या मध्यावर उघडणं, लोगो पूर्ण पडदाभर आणि सिनेमा वर-खाली काळ्या पट्ट्यांत, या सगळ्या सांध्याच्याच खुणा.

आणि जुना लोगो दिसला म्हणजे प्रत अस्सल, असंही नाही. 'आर्गो' २०१२चा, पण त्याच्या सुरुवातीला सॉल बास यांनी आखलेला वॉर्नरचा १९७०च्या दशकातला लोगो मुद्दाम वापरला आहे. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये पॅरामाउंटचा डोंगर खऱ्या शिखरात विरघळतो. तिथला लोगो बदलायचा तर दृश्यच मोडेल. असे लोगो सिनेमाचाच भाग असतात, त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात हवी.

आवाजाचा इतिहास वेगळा लिहा

चित्र आणि आवाज एकाच दिवशी बदलत नाहीत. एमजीएमचा लिओ सिंह पडद्यावर आहे १९५७पासून, पण १९८२ साली मार्क मँजिनी यांनी गर्जना नव्याने तयार केली, तीही वाघांचे आवाज वापरून. चित्र बघून १९५७ म्हणाल, आवाज ऐकून १९८२नंतरचं. फॉक्सची फॅनफेअर आल्फ्रेड न्यूमन यांची, १९३३ची, म्हणजे ट्वेंटिएथ सेंच्युरी आणि फॉक्स एक होण्याच्या दोन वर्षं आधीची. तिला सिनेमास्कोपच्या काळात पुढचा तुकडा जोडला गेला आणि १९९७मध्ये डेव्हिड न्यूमन यांनी, म्हणजे आल्फ्रेड यांच्या मुलाने, ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली. नोंदीत 'चित्र' आणि 'आवाज' असे दोन रकाने नसतील तर हा तपशील कुठेच बसत नाही.

जुन्या सिनेमांच्या डिजिटल डागडुजीत मूळ एका वाहिनीच्या आवाजाच्या जागी नवा बहुवाहिनी आवाज येतो आणि त्याबरोबर लोगोची धूनही बदलते. डिस्कवर एकापेक्षा जास्त ऑडिओ ट्रॅक असतील तर सगळे ऐका. मूळ मोनो ट्रॅकवर जुनी धून शिल्लक असण्याचा संभव असतो.

पुरावा म्हणून काय स्वीकारायचं नाही

आठवण. 'लहानपणी कॅसेटवर हाच लोगो होता' हे कुठे शोधायचं ते सांगतं, नोंद होत नाही. पोस्टरवरचा किंवा कव्हरवरचा छापील लोगोही पडद्यावरच्या लोगोचा पुरावा नाही, दोन्हीकडचे बदल वेगवेगळ्या वेळी होतात. इंटरनेटवरचा व्हिडिओ स्रोत लिहिलेला नसेल तर बाजूला ठेवा. हौसेने बनवलेल्या नकला आता फार सफाईदार असतात. त्या बऱ्याचदा वेगावरून पकडता येतात: सेकंदाला ६० खऱ्या, वेगळ्या फ्रेम असलेला '१९७०चा लोगो' फिल्मवरून आलेला नसतो. अक्षरांच्या कडा अति धारदार, ग्रेन अजिबात नाही आणि बारीक मालकीची ओळ वितळल्यासारखी, असं दिसलं तर ते संगणकाने मोठं केलेलं चित्र आहे.

दोन वेगवेगळ्या प्रतींवर, शक्यतो दोन देशांतल्या, तोच लोगो तेवढ्याच फ्रेमचा सापडला की 'आवृत्ती' म्हणून नाव द्या. तोवर 'एका प्रतीवर पाहिलेला' एवढंच लिहा आणि फ्रेमची स्थिरचित्रं मूळ फाइलच्या नावासकट जोडा: पहिली दिसणारी फ्रेम, नाव पूर्ण उमटल्याची फ्रेम, मालकीची ओळ उमटल्याची फ्रेम आणि शेवटची.